नागपूर–पुणे विमानप्रवास: अंतर, वेळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातून पुण्याला शिकायला, नोकरीला, दवाखान्यासाठी किंवा लेकीकडे जाणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. अंतराचे आकडे नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून (सोनेगाव) पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतचे आहेत.

१. नागपूर ते पुणे हवाई अंतर किती आहे?

सरळ रेषेत सुमारे ६०५ किलोमीटर. वैमानिक आणि हवाई नियंत्रक सागरी मैलांत मोजतात, त्या मापात हेच अंतर ३२७ मैल होते. नागपूरहून पाहिले तर पुण्याची दिशा नैऋत्येची, पण पश्चिमेकडे जास्त झुकलेली, उत्तरेपासून सुमारे २४३ अंशांवर आहे.

२. विमानाला किती वेळ लागतो?

प्रत्यक्ष हवेत साधारण ५५ ते ६५ मिनिटे. तिकिटावर मात्र १ तास २० मिनिटांपासून १ तास ३५ मिनिटांपर्यंत काहीही दिसते. हा फरक कसा पडतो ते पुढच्या उत्तरात आहे.

३. तिकिटावर जवळजवळ दीड तास लिहिलंय आणि पायलट सांगतो ५५ मिनिटांत पोहोचू. मग खरं काय?

दोन्ही खरे, कारण दोघे वेगवेगळी गोष्ट मोजतात. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलण्याची वेळ, उड्डाणाची नव्हे. पोहोचण्याची वेळ म्हणजे दुसऱ्या टोकाला विमान उभे राहून ब्रेक लागण्याची वेळ, चाके जमिनीला टेकण्याची नव्हे. या दोन्हींमधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. वैमानिक घोषणा करतो ती उड्डाणापासून उतरेपर्यंतच्या वेळेची.

ढोबळ हिशेब असा: मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे आणि धावपट्टीपर्यंत जाणे यात १० ते १५ मिनिटे जातात. हवेत तासभर. उतरल्यावर धावपट्टीवरून जागेपर्यंत ५ ते ८ मिनिटे. त्यावर कंपनी स्वतःची थोडी मोकळीक ठेवते. ही मोकळीक प्रवाशांच्या दयेपोटी नसते. वेळेवर पोहोचण्याची टक्केवारी चांगली दिसावी आणि त्याच विमानाची पुढची फेरी कोलमडू नये, म्हणून असते. त्यामुळे नागपूरहून दहा मिनिटे उशिरा सुटलेले विमान पुण्यात ‘वेळेवर’ उतरले तर वैमानिकाने वेग वाढवला असे समजू नका, राखून ठेवलेली मिनिटे खर्ची पडली एवढेच.

४. एका साइटवर ३२७, दुसरीवर ३७६, तिसरीवर ६०५ आणि कुठे ६२० दिसतं. कोणता आकडा धरायचा?

३२७ हे सागरी मैल, ३७६ हे साधे मैल आणि ६०५ हे किलोमीटर. अंतर तिन्हींत एकच आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी आणि साधा मैल म्हणजे १.६०९ किमी. बऱ्याच साइट्स ‘मैल’ एवढेच लिहितात आणि तिथेच घोळ होतो.

६२० चे कारण वेगळे आहे. तो आकडा शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा असतो. सोनेगाव नागपूरच्या नैऋत्येला आणि लोहगाव पुण्याच्या ईशान्येला, म्हणजे दोन्ही विमानतळ एकमेकांच्या बाजूला सरकलेले आहेत. म्हणून विमानतळांमधले अंतर शहरांमधल्या अंतरापेक्षा १५ किमीने कमी भरते. एक-दोन किमीचा फरक दिसला तर दुर्लक्ष करा. पृथ्वी पूर्ण गोल धरली की थोडी चपटी, यावर तो ठरतो.

५. हे अंतर स्वतः काढून पाहता येईल का?

येईल, शाळेतल्या गणिताने. नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर अक्षांश आणि ७९.०५ पूर्व रेखांशावर, पुणे विमानतळ १८.५८ आणि ७३.९२ वर आहे.

अक्षांशांतला फरक २.५१ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २७९ किमी.

रेखांशांतला फरक ५.१३ अंश. रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून इथे दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या (१९.८४ अंश) कोसाइनने, म्हणजे ०.९४१ ने गुणायचे. ५.१३ × ०.९४१ × १११.२ = सुमारे ५३७ किमी.

आता पायथागोरस: २७९ चा वर्ग अधिक ५३७ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ ६०५. महाराष्ट्राएवढ्या टापूत ही पद्धत पुरेशी अचूक आहे. कोसाइनने गुणायचे विसरलात तर उत्तर ६३५ च्या आसपास येते. सर्वांत जास्त होणारी चूक हीच. नागपूर–लंडनसारख्या लांब पल्ल्याला मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे गोलावरचे सूत्र लागते.

६. विमानाचा वेग ताशी ८०० किमीच्या वर असतो ना? मग ६०५ किमीला ४५ मिनिटं पुरायला हवीत.

तो वेग वरच्या सरळ उड्डाणातला आहे आणि या मार्गावर सरळ उड्डाण फारच थोडे. ए३२० जातीच्या विमानाला वर चढायला साधारण १५ ते १८ मिनिटे लागतात, तोवर १५० ते १७० किमी मागे पडलेले असतात. उतरणीची सुरुवात गंतव्यापासून सुमारे २०० किमी अलीकडे होते आणि तिला २० ते २५ मिनिटे लागतात. उरलेल्या अडीचशे किमीलाच पूर्ण वेग मिळतो, तो भाग १७–१८ मिनिटांत संपतो.

शिवाय १०,००० फुटांच्या खाली वेगाला मर्यादा असते, सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किमी. म्हणूनच चहा-सँडविच वाटून होतात न होतात तोच कुर्ची सरळ करण्याची सूचना येते.

७. विमान अगदी सरळ रेषेत जातं का? खाली काय दिसतं?

अगदी सरळ नाही. विमाने ठरलेल्या हवाई मार्गांवरून, एका नोंदलेल्या बिंदूकडून दुसऱ्याकडे जातात. उड्डाणानंतरची आणि उतरण्याआधीची वळणेही त्यात येतात. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर ६०५ पेक्षा थोडे जास्त, बरेचदा ६३० ते ६५० किमी भरते. आकाश मोकळे असेल तर नियंत्रक मधले बिंदू गाळून थेट पुढच्या बिंदूकडे जायला सांगतात, तेव्हा दोन-तीन मिनिटे वाचतात.

सरळ रेषा मात्र मोठी देखणी आहे. ती वर्ध्याच्या थोडी उत्तरेकडून आणि वाशीमच्या अगदी जवळून जाते, पुढे पाथर्डीचा भाग आणि अहिल्यानगरच्या दक्षिणेकडून पुण्याकडे येते. तिचा मध्यबिंदू लोणारपासून जवळ पडतो. लोणारचे सरोवर रेषेच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर आहे. जायकवाडीचा जलाशयही उत्तरेलाच. म्हणून नागपूरहून पुण्याला जाताना उजवीकडची खिडकी घ्या, म्हणजे ए३२० मध्ये ‘एफ’ अक्षराची जागा. येताना डावीकडची, ‘ए’. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आकाश निवळलेले आणि जलाशय भरलेला असतो. मे महिन्यात धुरळ्यामुळे फारसे काही दिसत नाही.

लोहगावच्या परिसरात मोबाइल आत ठेवा. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

८. पुण्याला जाताना जास्त आणि नागपूरला येताना कमी वेळ लागतो, हा भास आहे का?

हिवाळ्यात तो भास नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत १०–११ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात; आपल्या अक्षांशावर ताशी १०० किमी ही नेहमीची गोष्ट. विमानाचा हवेतला वेग ८३० धरला तर पुण्याकडे जाताना जमिनीच्या मानाने तो ७३० उरतो, नागपूरकडे येताना ९३० होतो. चढाई-उतरणीचा वरचा भाग धरून चारशे किमीला जाताना सुमारे ३३ मिनिटे लागतात आणि येताना २६. सात मिनिटांचा फरक इथेच पडला.

जुलै-ऑगस्टमध्ये वरचे वारे उलटतात, पूर्वेकडून वाहू लागतात. जोर कमी असतो, म्हणून फरक दोन-तीन मिनिटांचाच आणि तो पुण्याकडे जाणाऱ्यांच्या फायद्याचा. गंमत म्हणजे जमिनीवर त्या वेळी पश्चिमेचा मोसमी वारा भणाणत असतो. खालचा वारा पाहून वरच्याचा अंदाज बांधता येत नाही.

९. पुणं दिसायला लागलं तरी विमान पुढे निघून जातं आणि वळून येतं. का?

विमान वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरते. लोहगावची एकच धावपट्टी आहे, पूर्व-पश्चिम; एका टोकाला १० आणि दुसऱ्याला २८ हा क्रमांक. वारा पश्चिमेचा असेल तर उतरणे पूर्वेकडून होते आणि नागपूरहून येणारे विमान जवळपास सरळच खाली येते. वारा पूर्वेचा असेल तर त्याला शहर ओलांडून पश्चिमेला जावे लागते आणि मग वळून पूर्वेकडे तोंड करून उतरावे लागते. यात पाच ते आठ मिनिटे जातात.

याखेरीज खरोखरच्या घिरट्याही असतात, पुढे विमानांची रांग लागलेली असते तेव्हा. नागपूरला धावपट्टीची दिशा आग्नेय-वायव्य आहे (१४ आणि ३२), त्यामुळे पुण्याहून येणाऱ्या विमानाला कोणत्याही टोकावर उतरताना थोडे वळावेच लागते.

१०. लोहगावात हवाई दलाचा तळ आहे, त्याचा वेळेवर काय परिणाम होतो?

धावपट्टी आणि हवाई नियंत्रण दोन्ही भारतीय हवाई दलाकडे आहेत. प्रवासी टर्मिनल हा त्या तळाला जोडलेला नागरी भाग आहे. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमानाला काही मिनिटे जमिनीवर किंवा हवेत थांबावे लागते. नियमित सरावाच्या वेळा वेळापत्रकात धरलेल्या असतात, अचानक आलेल्या नसतात.

धावपट्टीच्या दुरुस्तीचा फटका मोठा बसतो, कारण दुसरी धावपट्टीच नाही. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या चौदा दिवसांत पुणे विमानतळ पूर्ण बंद होता, तो याच कामासाठी.

तळ संरक्षण खात्याचा असल्याने विमानातून आणि धावपट्टीच्या आवारात फोटो-व्हिडिओ काढायला बंदी आहे. उतरताना रील करणाऱ्यांना नंतर चौकशीला तोंड द्यावे लागू शकते.

११. विमान किती उंचीवरून उडतं? जाताना-येताना उंची वेगळी का सांगतात?

सहसा ३०,००० ते ३६,००० फूट. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार (३२,०००, ३४,०००) आणि पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार (३१,०००, ३३,०००, ३५,०००) असा नियम आहे, म्हणजे समोरासमोरच्या विमानांत १,००० फुटांचे अंतर आपोआप राहते. पुण्याला जाताना वैमानिक ३२,००० म्हणाला आणि येताना ३३,००० तर त्यामागे हेच.

१२. या मार्गावर जेट विमानच असतं की पंख्याचंही?

मुख्यतः ए३२० जातीची जेट विमाने असतात. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो पाहा. एटीआर ७२ (पंख्याचे विमान) लिहिले असेल तर हवेतला वेळ १५–२० मिनिटांनी जास्त धरा. त्याचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास असतो. ते कमी उंचीवरून उडते, त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी जास्त हलते. त्यात हातातले सामान ठेवायचे कप्पेही लहान असतात, चाकांची मोठी बॅग खाली द्यावी लागते.

१३. रस्त्याने आणि रेल्वेने हेच अंतर किती?

रस्त्याने ७०० ते ७२५ किमी. समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरपर्यंत आणि पुढे अहिल्यानगरमार्गे पुणे, हा आता सर्वांत सोयीचा मार्ग. कारने साडेनऊ ते अकरा तास. समृद्धीवर वेळ वाचतो तो अहिल्यानगर–शिरूर–वाघोलीच्या गर्दीत बराचसा परत जातो, म्हणून वाघोलीला संध्याकाळी पोहोचू नये असे निघा.

रेल्वे बरीच वळसा घालते: वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, अहिल्यानगर, दौंड. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली अजनी–पुणे वंदे भारत ८८१ किमी अंतर १२ तासांत कापते. म्हणजे हवाई अंतराच्या जवळपास दीडपट. ही गाडी नागपूरच्या मुख्य स्थानकावरून नव्हे, अजनीहून सुटते, हे दर आठवड्याला कोणीतरी विसरते.

१४. घरापासून घरापर्यंत एकूण किती वेळ धरायचा?

पाच तास. धरमपेठेतून कोथरूडला जायचे असेल तर असे: विमानतळापर्यंत अर्धा तास, सुटण्याआधी दीड तास, ब्लॉक टाइम १ तास २५ मिनिटे, उतरून सामान मिळवून बाहेर पडायला ३५ मिनिटे आणि लोहगाव ते कोथरूड एक तास. प्रत्यक्ष उडणे यात एका तासाचेच.

हिंजवडी किंवा वाकडला जाणाऱ्यांनी शेवटचा टप्पा संध्याकाळी दीड तासाचा धरावा. पुण्यात ॲपवरच्या टॅक्सी टर्मिनलच्या दारात येत नाहीत, त्या एरोमॉलच्या बहुमजली पार्किंगमधून मिळतात. तिथे पोहोचल्यावरच गाडी बोलवा, नाहीतर थांबण्याचे पैसे लागतात. मेट्रोचे सर्वांत जवळचे स्थानक रामवाडी, चारेक किलोमीटरवर. तिथपर्यंत रिक्षा केली तर डेक्कन, कोथरूड, वनाजला जाणाऱ्यांची नगर रस्त्यावरची कोंडी टळते. नागपूरला एअरपोर्ट नावाचे मेट्रो स्थानक वर्धा रस्त्यावर आहे, टर्मिनलला चिकटून नाही. मोठे सामान असेल तर तेवढ्या अंतरासाठीही वाहन धरावे.

१५. विमानतळावर किती आधी पोहोचायचं?

तिकिटावरच्या वेळेआधी दीड ते दोन तास. दोन वेळा पक्क्या लक्षात ठेवा: देशांतर्गत उड्डाणाला सामान देण्याची खिडकी सहसा ६० मिनिटे आधी आणि चढण्याचे गेट २५ मिनिटे आधी बंद होते. प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे सुटण्याची वेळ ही विमान हलण्याची वेळ असते. ७:०० चे विमान असेल आणि तुम्ही ६:४० ला गेटवर धापा टाकत पोहोचलात, तर विमान समोर उभे दिसेल पण चढता येणार नाही.

दिवाळीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा, तसेच सोमवारची पहाट, या वेळी पुण्यात दोन तासच धरा. पुण्यात २०२३ पासून डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडण्याची सोय, आहे. घरीच नोंदणी करून बोर्डिंग पास जोडून ठेवला तर दारावरची रांग चुकते. सुरक्षा तपासणीची रांग मात्र सर्वांना सारखीच.

१६. कोणत्या वेळेची फेरी वेळेवर असण्याची शक्यता जास्त?

सकाळची पहिली. विमान रात्री तिथेच मुक्कामी असेल तर आधीच्या कोणत्याही फेरीचा उशीर त्याला चिकटलेला नसतो. एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते, त्यामुळे दिल्लीतला सकाळचा अर्धा तास रात्री नागपूर–पुण्याला तासभर होऊन बसतो.

दोन अपवाद आहेत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीहून आलेले विमान तुमची पहिली फेरी करणार असेल, तर तिथले धुके तुमच्यापर्यंत पोहोचते. आणि पुणे किंवा नागपूरमध्येच पहाटे धुके असेल तर पहिली फेरीच अडकते. एप्रिल ते जूनमध्ये दुपारी तीननंतर वळवाचे ढग उभे राहतात, दोन्ही टोकांना. पाठदुखी किंवा मळमळीचा त्रास असणाऱ्यांनी त्या महिन्यांत दुपारची फेरी टाळावी.

तिकीट काढण्याआधी विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्या क्रमांकाच्या गेल्या सात दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा पाहा. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे जुन्या ऋतूची आकडेवारी उपयोगाची नाही.

१७. थेट विमान मिळालं नाही तर मुंबईमार्गे जावं की हैदराबादमार्गे?

अंतर पाहिले तर मुंबई बरी: नागपूर–मुंबई ६८३ किमी आणि मुंबई–पुणे १२४ किमी, मिळून सुमारे ८०७. हैदराबादमार्गे ४३३ अधिक ५००, म्हणजे ९३३. पण इथे अंतर बघून उपयोग नाही. मुंबईहून पुण्याला विमान पकडण्यात अर्थच नाही, मुंबईला उतरून गाडीने या. चार तास धरा. शुक्रवारी संध्याकाळी जास्त. हैदराबादमार्गे दोन्ही टप्पे हवाई होतात, मध्ये दीड-दोन तासांची थांबण्याची वेळ असेल तर एकूण साडेचार-पाच तासांत पुण्यात उतरता येते.

‘मुंबई’ निवडताना आता कोणता विमानतळ ते तपासा. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. पुण्याला येणाऱ्यांना तोच जवळचा, द्रुतगती मार्गाला लागायला मुंबई शहर ओलांडावे लागत नाही. त्याचे सांकेतिक अक्षर एनएमआय, जुन्याचे बीओएम.

दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढलीत आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कंपनीवर नसते. एकाच पीएनआरवर काढा.

१८. ‘थेट’ लिहिलं होतं तरी विमान मध्ये दुसऱ्या शहरात उतरलं. असं चालतं का?

चालते. विमान कंपन्यांच्या भाषेत थेट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक एकच, मध्ये थांबा असला तरी. तुम्हाला हवे ते ‘नॉन-स्टॉप’. एकूण वेळ १ तास ४० मिनिटांपेक्षा जास्त दिसली की मध्ये थांबा आहे असे समजून तपशील उघडा.

१९. विमानाला उशीर झाला किंवा ते रद्द झालं तर काय मिळतं?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम अंतरावर नव्हे, ब्लॉक टाइमवर बेतलेले आहेत. अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर थांबलेल्या प्रवाशांना अल्पोपाहार किंवा जेवण द्यावे लागते. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यातला पर्याय तुमचा.

पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द झाले तर परतावा किंवा पर्यायी विमान आणि त्यावर भरपाई. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर कमाल ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० आणि दोन तासांपेक्षा जास्त असेल तर १०,०००. हा आकडा किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यातले कमी असेल ते मिळते. नागपूर–पुणे मधल्या गटात येते. ‘विमान तर पाऊणएक तास उडतं’ असे सांगून कोणी ५,००० वर बोळवण करू पाहिले, तर तिकिटावरच्या दोन वेळा दाखवा.

वादळ, धुके, सुरक्षेचा प्रश्न, हवाई नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही रोख भरपाई लागू नाही. परतावा किंवा पर्यायी विमान तेव्हाही मिळते. जागा कमी पडल्याने तुम्हाला चढू दिले नाही आणि तासाभरात दुसरे विमान दिले नाही, तर हिशेब वेगळा: २४ तासांच्या आत पर्याय दिल्यास मूळ भाडे व इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,०००, त्यानंतर दिल्यास चौपट, कमाल २०,०००.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा, उत्तर न आल्यास सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. बोर्डिंग पास आणि उशिराचे एसएमएस जपून ठेवा, निम्म्या तक्रारी पुराव्यावाचून अडतात.

२०. पुण्यात उतरता आलं नाही तर विमान कुठे जातं? इंधन पुरतं का?

पुण्यासाठी बहुतेकदा मुंबई, कधी गोवा किंवा हैदराबाद. नागपूरसाठी रायपूर, हैदराबाद किंवा भोपाळ. निघतानाच ही पर्यायी ठिकाणे ठरलेली असतात आणि इंधनही त्या हिशेबाने भरलेले असते: प्रवासाचे, थोडे वाढीव, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे अखेरचे. त्यामुळे घिरट्या पाहून घाबरू नका.

मुंबईला वळवलेले विमान सहसा इंधन भरून, हवामान सुधारले की पुण्याला परत येते. ‘मी इथेच उतरतो’ म्हणायची सोय प्रत्येक वेळी नसते. विमानाच्या पोटातले सामान शोधून काढावे लागते, म्हणून एकाने हट्ट धरला तर सगळ्यांचा तास जातो.

२१. भाडं अंतरावर ठरतं का?

नाही. मागणी, उरलेल्या जागा आणि किती आधी तिकीट काढले यावर ठरते. म्हणून दिवाळीत ६०५ किमीचे भाडे एरवीच्या नागपूर–दिल्लीपेक्षाही जास्त दिसते. सरकारने मर्यादा घातली तेव्हा मात्र अंतर किंवा वेळ हाच आधार होता. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळातले गट उड्डाणाच्या मिनिटांवर होते. ६ डिसेंबर २०२५ रोजी, रद्द झालेल्या उड्डाणांमुळे भाडी भडकल्यावर घातलेली मर्यादा किलोमीटरवर होती: ५०० किमीपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किमीला १२,०००. कर आणि विमानतळ शुल्क वेगळे.

२२. एवढ्या प्रवासात इंधन किती जळतं?

ए३२० ला दोन ते अडीच टन, विमानाच्या पिढीनुसार. भरलेल्या विमानात माणशी १५ लिटरच्या आसपास. एक किलो इंधनातून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे माणशी ३५ ते ४५ किलो. चढाईतच सर्वाधिक इंधन जाते, त्यामुळे दर किलोमीटरचा हिशेब मांडला तर छोटे मार्ग लांबच्या मार्गांपेक्षा महाग पडतात.

२३. पुरंदरचा विमानतळ झाला तर अंतर वाढेल का?

हवाई अंतर जवळपास तेवढेच राहील, ६०० किमीच्या आसपास. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या गावांची ठरवलेली जागा पुण्याच्या आग्नेयेला आहे, नागपूरच्या रेषेपासून फार दूर नाही. फरक पडेल तो जमिनीवरच्या टप्प्यात. हडपसर-सासवडकडच्यांना सोयीचे होईल, पिंपरी-चिंचवडकरांना दूर पडेल. हवाई दलासोबत धावपट्टी वाटून घेण्याची प्रश्न १० मधली अडचणही उरणार नाही.

२४. अमरावतीला आता विमानतळ आहे. अमरावतीकरांनी पुण्यासाठी नागपूरला जावं का?

बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली, ती एटीआर विमानाने. पुण्याला विमानानेच जायचे असेल तर नागपूर गाठावे लागते, म्हणजे रस्त्याचे सुमारे दीडशे किमी आणि अडीच-तीन तास आधीच. प्रश्न १४ चे पाच तास त्यात मिळवले तर साडेसात-आठ होतात. बडनेऱ्याहून वंदे भारतने पुण्याला यायला साधारण दहा तास लागतात, त्यात सामानाची तपासणी नाही आणि शेवटी उतरणे शहराच्या मध्यात. अकोल्याच्या पुढच्या लोकांनी तर नागपूरचा विचारच करू नये, उलट्या दिशेने जाण्यात वेळ फुकट जातो.